स्मृतिभ्रंश : औषध थोडे, शुश्रूषा फार

वाचकहो, आजच्या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. चूक जुनी आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या पिशोर भागातल्या एका अडत दुकानाचे मुनीम माझ्या दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ५३. मक्याच्या हंगामात दिवसाकाठी शंभरावर हिशेबपट्ट्या करणारा हा माणूस. हमाली, तोलाई तोंडी वजा करून शेतकऱ्याच्या हातावर बिनचूक रक्कम ठेवणार, अशी त्यांची ख्याती. तक्रार एवढीच की रात्री झोप लागत नाही आणि कामात चित्त लागत नाही. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, हे पहिल्यासारखे नाही राहिले. एकच गोष्ट चार-चार वेळा विचारू राहिले." मी रक्तदाब पाहिला, साखर तपासली, "टेन्शन घेऊ नका" म्हणालो आणि झोपेची गोळी व टॉनिक लिहून दिले. बाईंच्या बोलण्याकडे मी लक्षच दिले नाही.

पुढच्या आठ-दहा महिन्यांत ते चार-पाच वेळा येऊन गेले. तिकडे दुकानात हिशेब चुकू लागले होते. एका शेतकऱ्याला दोनदा पैसे दिले गेले, एकाचे वजन दुसऱ्याच्या पट्टीवर चढले, गल्ल्यात तूट आली. मालकाने बरेच दिवस सांभाळून घेतले. पण म्हातारा माणूस विसरला तर लोक समजून घेतात, पन्नाशीतला माणूस विसरला की त्यात काहीतरी काळेबेरे शोधतात. कोणी म्हणाले, लपून पितो. कोणी म्हणाले, बाहेरचे काही लागले आहे. आणि बाकीच्यांनी सरळ 'पैसे खाल्ले' असा निकाल दिला. नोकरी गेली. तीस वर्षांचे इमान एका हंगामात धुऊन निघाले.

त्यानंतर ते दवाखान्यात आले त्या दिवशी माझ्या सिस्टर आत येऊन म्हणाल्या, "सर, या काकांकडं एकदा नीट बघा. पैसे देताना तीन-तीनदा मोजतात, तरी चुकतात. मागच्या वेळी डावी चप्पल उजव्या पायात घालून गेले. अन् बाहेर बाकावर बसले की घडीघडीला काकूंना विचारतात, आपण इथं कशाला आलो?"

मी त्या रुग्णाला दर वेळी पाच मिनिटे पाहत होतो. सिस्टर त्यांना दारातून आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंत पाहत होत्या. पत्नी तर चोवीस तास पाहत होती. ज्याने सर्वांत कमी पाहिले त्यानेच औषध लिहिले! शहरात तज्ज्ञांकडे पाठवले, तपासण्या झाल्या आणि निदान आले : अल्झायमरचा आजार, तोही कमी वयात सुरू होणारा. माझ्या झोपेच्या गोळीने त्यांचा गोंधळ वाढला असणार, हे मला तेव्हा कळले.

म्हणून आज हा आजार डॉक्टरच्या खुर्चीतून न पाहता परिचारिकेच्या नजरेने पाहू. कारण माझे मत असे झाले आहे की या आजारात आम्हा डॉक्टरांचा वाटा थोडा, आणि रुग्णाजवळ दिवसरात्र असणाऱ्या माणसाचा वाटा मोठा. मग ती शिकलेली नर्स असो, की घरातली पत्नी, सून नाहीतर मुलगी.

विसरण्या-विसरण्यात फरक

गॅसवर दूध ठेवले आणि शेजारणीशी बोलताना ते उतू गेले, हे सर्वांचेच होते. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, हेही होते. त्याची चिंता करू नये. पण जिने तीस वर्षे चहा केला तिला पाणी आधी टाकायचे की पत्ती हेच सुचेना, रोजच्या वाटेवरून घरी येताना माणूस चुकू लागला, महिन्यापूर्वी झालेले नातवाचे लग्नच आठवेना, साध्या वस्तूचे नाव न सुचून 'ते... ते...' होऊ लागले, तर मात्र तो आजार समजावा.

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नाही. ताप जसा मलेरियाने येतो तसा टायफॉइडनेही येतो. स्मृतिभ्रंशाचेही तसेच आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर, आणि दुसरे मोठे कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबणे. अल्झायमरमध्ये दोन प्रथिने मेंदूत नको तिथे साठतात. अमायलॉइड नावाचे प्रथिन पेशींच्या बाहेर गुठळ्या करते, टाऊ नावाचे प्रथिन पेशींच्या आत गुंता करते. पेशी मरत जातात, मेंदू आकसतो. लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून हे सुरू असते.

आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी सापडतो. वहीच्या नव्या पानांवर शाई उमटेनाशी व्हावी, पण जुनी पाने मात्र नीट वाचता यावीत, तसे हे असते. म्हणूनच आजोबांना १९७२ च्या दुष्काळातले सुकडीचे वाटप आठवते आणि सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही. लोक म्हणतात, "सोंग करतोय, जुनं बरं आठवतं!" सोंग नाही, आजाराची रीतच तशी आहे. पुढे हळूहळू जुनी पानेही पुसट होतात.

हा श्रीमंतांचा किंवा शहरांचा आजार आहे असेही समजू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सात जणांहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. या पाहणीत शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आढळले.

पहिली रुग्ण ५१ वर्षांची होती

या आजाराचे नाव ज्या जर्मन डॉक्टरांवरून पडले त्या अलॉइस अल्झायमर यांच्याकडे १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. बाईचे वय ५१. आधी तिने नवऱ्यावर संशय घ्यायला सुरुवात केली, मग स्वयंपाक बिघडू लागला, मग वस्तू लपवून ठेवणे सुरू झाले. डॉक्टरांनी नाव लिहायला सांगितले तर तिला ते पूर्ण लिहिता येईना. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे ती बोले. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत काय दिसले ते डॉक्टरांच्या सभेत मांडले.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की जगातली पहिली नोंदलेली अल्झायमरची रुग्ण म्हातारी नव्हती. ती आमच्या मुनीमांच्याच वयाची होती. दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती बाई अखेर गेली ती अंथरुणाला खिळल्याने झालेल्या जखमांमधून रक्तात विष भिनून. मेंदूचा आजार होताच. पण जीव गेला पाठीवरच्या जखमांमुळे.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट पाहा. आजार अगदी वेगळा, पण शुश्रूषेचा धडा तोच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ४२ वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांना पोटच्या पोरीसारखे सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही अंथरुणजखम झाली नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात घेतली. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, वेळेवर भरवणे, आणि हे रोज करणे, एवढेच लागले. शुश्रूषेची ताकद ती हीच.

पन्नाशीत येतो तेव्हा

६५ वर्षांच्या आत सुरू झालेल्या अल्झायमरला कमी वयातला अल्झायमर म्हणतात. एकूण रुग्णांत हे थोडे असतात. मुंबईत चाळिशीपुढच्या २४ हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २००१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा अडीचच्या जवळ होते, तर चाळिशीपुढच्या सर्वांत मिळून ते शेकडा अर्ध्याहूनही कमी होते. आजार विरळा आहे, आणि विरळा असल्यामुळेच तो चुकतो. वय पाहूनच आपण तो मनातून काढून टाकतो.

शिवाय कमी वयात तो दर वेळी विसरण्यानेच सुरू होतो असे नाही. कोणाला डोळे चांगले असूनही समोरची वस्तू नीट उमगत नाही, जिन्याची पायरी किंवा कपाचा कान चुकतो. कोणाचे शब्द अडतात. कोणाचे हिशेब बिघडतात. बाई असेल तर पाळी जाण्याच्या वयाचा त्रास म्हणून सोडून देतात, पुरुष असेल तर दारू किंवा 'डिप्रेशन' म्हणून. माणूस कमावता असतो. डोक्यावर पीककर्ज असते, मुले शिकत असतात, मुलीचे लग्न व्हायचे असते. म्हाताऱ्याच्या आजाराने घर दुःखी होते. कमावत्याच्या या आजाराने घर बसते.

'आनुवंशिक आहे का हो?' हा प्रश्न हमखास येतो. मुनीमांच्या मुलीच्या सोयरिकीतही तो आडून आडून विचारला गेला. उत्तर स्पष्ट सांगतो. आई किंवा वडिलांकडून थेट येणारा अल्झायमर फारच थोड्या घराण्यांत असतो. सर्व रुग्णांत शंभरात एकही नाही. अशा घराण्यात तो पिढ्यान् पिढ्या आणि कमी वयात दिसतो, आणि तिथे प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात अशी एक मोठी घराणी आहेत, जिथे पंचेचाळिशीच्या आसपासच आजार सुरू होतो. पण एखाद्या घरात एकालाच आजार झाला म्हणून मुलाबाळांच्या सोयरिकी मोडणे हे अज्ञान आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना मात्र मोठेपणी, चाळिशी-पन्नाशीत, हा आजार होण्याचा संभव जास्त असतो. त्यांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

आधी बरे होणारे आजार शोधा

प्रत्येक विस्मरण अल्झायमर नसते. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण त्यातली काही कारणे चक्क बरी होतात. थायरॉइड मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी आपल्याकडच्या शाकाहारी माळकरी घरांत नेहमी सापडते, रक्तातले मीठ कमी होणे, मोटारसायकलवरून पडल्यावर मेंदूवर हळूहळू साचलेले रक्त, खरेखुरे नैराश्य, ऐकू कमी येणे, अतिरेकी दारू. झोपेच्या, कंपवाताच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनीही गोंधळ उडतो. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचे छायाचित्र झाल्याशिवाय 'आता काही उपाय नाही' असे कोणीही म्हणू नये. आपल्या जिल्ह्यात घाटी रुग्णालयात औषधवैद्यक आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. रुग्णाबरोबर त्याच्या रोजच्या सहवासातला माणूस पाठवा, आणि त्याने काय-काय पाहिले ते कागदावर लिहून द्या. त्या कागदाचा डॉक्टरांना फार उपयोग होतो.

औषधांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे काहींना काही काळ आधार देतात. आजार थांबवत नाहीत. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत लेकॅनेमॅब (२०२३) आणि डोनानेमॅब (२०२४) या शिरेतून द्यायच्या औषधांना मान्यता मिळाली. ती अगदी सुरुवातीच्या अवस्थेत आजाराचा वेग थोडा कमी करतात, गेलेले परत आणत नाहीत, आणि त्यांनी मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार तपासण्या कराव्या लागतात. चमत्कारी काढे, भस्मे आणि 'स्मरणशक्तीच्या' बाटल्या यांच्यावर मात्र दमडीही घालवू नका.

शुश्रूषेचे काही नियम

माझ्या सिस्टरांनी मुनीमांच्या पत्नीला जे शिकवले, आणि पत्नीने आम्हाला जे शिकवले, ते एकत्र करून देतो.

एक, वाद घालू नका. रुग्ण स्वतःच्याच घरात बसून म्हणतो, "मला घरी जायचंय." "हे घरच आहे ना!" असे ओरडून उपयोग नाही. "जाऊ की, आधी चहा घेऊ" म्हणा. गेलेली आई तो विचारू लागला तर ती वारल्याचे दर वेळी सांगू नका. त्याच्यासाठी ती बातमी दर वेळी ताजी असते. "आईची आठवण आली का? काय करायची ती तुम्हाला खायला?" असे विचारा. मन हलके होते.

दोन, परीक्षा घेऊ नका. "ओळखा पाहू मी कोण?" हा पाहुण्यांचा आवडता खेळ रुग्णासाठी छळ असतो. त्यापेक्षा "मामा, मी तुमचा नाचनवेलचा भाचा" असे आपणच सांगावे.

तीन, दिवसाची घडी मोडू नका. उठणे, अंघोळ, जेवण, फेरफटका रोज ठरल्या वेळी. एका वेळी एकच सूचना, छोट्या वाक्यात, समोर येऊन, डोळ्यांत पाहून. "तयार व्हा" हे त्याला कळत नाही; हातात सदरा दिला की कळते.

चार, अंघोळीची जबरदस्ती नको. पाण्याची आणि उघडे होण्याची भीती वाटते. पाणी कोमट, खोली ऊबदार, अंगावर टॉवेल, आणि तांब्या त्याच्याच हातात. आज नाहीच म्हणाला तर ओल्या कपड्याने अंग पुसा. एक दिवसाने काही बिघडत नाही.

पाच, भरवताना ताठ बसवा. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, लहान घास, घाई नाही. गुंगीत असताना किंवा आडवे असताना काहीही पाजू नका. अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नका.

सहा, बांधून ठेवू नका. घराबाहेर निघून जाण्याची भीती खरी आहे. आपल्याकडे उघड्या विहिरी आहेत, पावसाळ्यात अंजना नदीला पाणी असते. पण खाटेला दोरी हा उपाय नव्हे. कडी नेहमीच्या जागेपेक्षा खूप वर किंवा खाली लावा, खिशात नाव-गाव-फोनची चिठ्ठी शिवून टाका, आणि आजार लपवू नका. शेजारी, पानटपरीवाला, बस थांब्यावरचे रिक्षावाले यांना सांगून ठेवा. सगळ्या गावाला माहीत असणे हीच सर्वांत चांगली राखण.

सात, संध्याकाळ सांभाळा. दिवेलागणीला अनेकांची बेचैनी वाढते. दिवे लवकर लावा, गोंगाट कमी करा, दुपारची झोप थोडी ठेवा. सांजेला हरिपाठ म्हणणाऱ्या घरात रुग्णालाही टाळ देऊन बसवा. नावे विसरलेली माणसे चाल विसरत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आठ, अचानक बदल झाला तर आजार वाढला असे धरून बसू नका. दोन दिवसांत एकाएकी गोंधळ किंवा आरडाओरडा वाढला तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणे किंवा नवे औषध यांपैकी काहीतरी कारण असते. त्याला सांगता येत नाही, आपण शोधायचे. शांत करणाऱ्या कडक गोळ्या आपल्या मनाने मुळीच देऊ नका; वृद्धांत त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

नऊ, अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, खुबे रोज पाहा. लाल झालेली जागा म्हणजे जखमेची पूर्वसूचना. ऑगस्ट डेटर आणि अरुणाताई, दोघींची आठवण ठेवा.

घरात दोन रुग्ण

या आजारात घरात एक रुग्ण कधीच नसतो. मुनीमांना तपासायला त्यांच्या घरी गेलो असता एकदा सहज त्यांच्या पत्नीचा रक्तदाब पाहिला, तर १८०! सहा महिने त्या रात्रीची सलग झोप झोपल्या नव्हत्या. आम्ही सारे तिला विचारत होतो, "काका कसे आहेत?" वहिनी, तुम्ही कशा आहात, हे कोणीच विचारले नव्हते. चिडून एकदा नवऱ्यावर हात उचलला गेला, हे सांगताना ती बाई ढसाढसा रडली. वाचकहो, तिला दोष देण्याआधी एक आठवडा तिच्या जागी राहून पाहावे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा मराठी चित्रपट मिळाला तर जरूर पाहा. संस्कृतचे गाढे पंडित असलेल्या, या आजाराने ग्रासलेल्या वृद्धाचे काम डॉ. मोहन आगाशे यांनी केले आहे, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यात वाट चुकलेल्या पंडितांना एका माहुताची बायको लेकरासारखे सांभाळते. तिला आजाराचे नावही ठाऊक नसते. ती भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिक्षित लेकीला जे जड जाते ते त्या अडाणी बाईला सोपे जाते, कारण तिने त्या माणसाला पूर्वी कधी पाहिलेले नसते. समोर आहे तसाच ती त्याला स्वीकारते.

कागदपत्रांचेही सांगतो. एकेकाळी मुंबईचे कामगार ज्यांच्या एका हाकेवर थांबत, १९७४ च्या रेल्वे संपाचे ज्यांनी नेतृत्व केले, ते जॉर्ज फर्नांडिस आयुष्याची अखेरची अनेक वर्षे अल्झायमरने आजारी होते; २०१९ मध्ये ते गेले. त्यांचा सांभाळ कोणी करायचा आणि त्यांना कोणी भेटायचे, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. थोरामोठ्यांचे असे, तर आपले काय? म्हणून निदान होताच, रुग्णाला समजते आहे तोवरच, बँकेतले वारस नाव, सातबारा, मृत्युपत्र आणि सांभाळ कोण करणार याच्या गोष्टी त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने ठरवा. उशीर झाला की सही करणारा हात असतो, सही कशावर ते कळणारे मन नसते.

आपल्या तालुक्यात काय करता येईल

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा आरोग्याचा एक फॉर्म भरतात. त्यात 'जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का?' असा प्रश्न आहे, ही चांगली गोष्ट. पण तो साठीपुढच्यांसाठीच आहे! ५३ वर्षांच्या मुनीमांना तो कोणी विचारलाच नसता. माझे म्हणणे असे : घरच्यांनी तक्रार केली तर तो प्रश्न चाळिशीतही विचारावा. दुसरे, आशा आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांना या रुग्णांच्या घरच्या शुश्रूषेचे दोन दिवसांचे तरी प्रशिक्षण द्यावे. लसीकरण आणि बाळंतपण त्यांनी खेड्यापाड्यांत पोचवले, तसे हेही त्या पोचवतील. तिसरे काम सरकारचे नाही, आपले आहे. बचत गटातल्या बायकांनी, भजनी मंडळाने आठवड्यातून एक दुपार अशा रुग्णाजवळ बसावे, म्हणजे त्याच्या घरच्या बाईला बाजार करता येईल, नाहीतर नुसते झोपता येईल. वृद्धांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी मोफत फोन आहेत. थकलेल्या नातेवाइकांनी दुसऱ्या क्रमांकावर बोलायला संकोचू नये.

आणि ज्यांना आजार नाही त्यांनी? रक्तदाब, साखर आणि चरबी ताब्यात ठेवा, तंबाखू-दारू सोडा, हेल्मेट घाला, चालत राहा, माणसांत राहा, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावायला लाजू नका, मुलींना पुरते शिकवा. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने अशी चौदा कारणे मोजली आणि ती सर्व सांभाळली तर जगातला जवळजवळ निम्मा स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज दिला.

शेवटी मुनीमांविषयी. निदान कळल्यावर दुकानाचे मालक त्यांच्या घरी आले होते. ओट्यावर बसून बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "आम्ही चोर म्हणालो यांना." मुनीम आता फारसे बोलत नाहीत. दुपारी त्यांची चुळबूळ सुरू झाली की पत्नी एक कोरी वही आणि पेन पुढे ठेवते, आणि ते तासन् तास आकडे मांडत बसतात. बेरीज जुळत नाही. कोणी तपासतही नाही. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनानंतर मालक एक नवी लाल वही पाठवतात.

वाचकहो, तुमच्या दुकानात, शाळेत, कार्यालयात एखादा पन्नाशीचा, आजवर चोख असलेला माणूस एकाएकी चुकू लागला, तर त्याच्यावर शिक्का मारण्याआधी त्याला तपासणीला पाठवा. आणि त्याच्या घरची बाई काही सांगत असेल तर ते नीट ऐका. मी ऐकले नव्हते.